वसईगावात भाड्याने राहण्याबद्दल (स्टेशनजवळ नको, गावातच)

खाडीपल्याड

नमस्कार मंडळी,

आम्ही सध्या अंधेरीत भाड्याने राहतो. इमारत पुनर्विकासाला निघाली आहे, दिवाळीच्या आत घर रिकामं करायचं आहे. त्याच भागात दुसरं शोधायला गेलं तर भाड्याचा आकडा ऐकूनच जिना उतरावा लागतो. म्हणून खाडी ओलांडायचं ठरवतोय. वसई रोड स्टेशनलगतचे टॉवर नको आहेत. टॉवरमध्येच राहायचं तर मग कांदिवली काय वाईट? डोक्यात आहे ते वसईगाव, म्हणजे तामतलाव, झेंडा बाजार, पारनाका, रमेदी, जमलंच तर किल्ल्याच्या अंगाला.

घरात आम्ही दोघं, पहिलीत जाणारी मुलगी आणि सासूबाई (गुडघ्यांचा त्रास). नवऱ्याचं ऑफिस लोअर परळला. माझं काम घरून, आठवड्यातून दोनेकदा अंधेरीला जावं लागतं.

एजंटने दोन घरं सांगितली आहेत. एक बैठ्या कौलारू घराचा अर्धा भाग: ओटी, माजघर, मागे विहीर, अंगणात चिकू. दुसरं तीन मजली इमारतीत पहिल्या मजल्यावर वन बीएचके, लिफ्ट नाही. भाड्यात फारसा फरक नाही. मन अर्थातच चिकूखाली जाऊन बसलंय. राहणाऱ्यांनी आणि राहून गेलेल्यांनी मोकळेपणाने लिहा. नुसतं 'वसई छान आहे' नको :)

उलटा_विरार

आधी गाडीचं बोलू. वसई रोड ते चर्चगेट ५२ किलोमीटर, फास्ट पकडली तर सव्वा तासाच्या आसपास. लोअर परळला फास्ट थांबत नाही, त्यामुळे दादरला उतरून स्लो. हे सगळं तुम्ही ॲपवर बघितलं असेलच.

ॲपवर दिसत नाही ते सांगतो. विरारहून सुटलेली सकाळची गाडी वसईला येते तेव्हा आत पाय ठेवायला जागा नसते. म्हणून बसून जायचं असेल तर लोक उलटे विरारला जातात आणि तीच गाडी धरून बसून परत येतात. यात अर्धा-पाऊण तास जादा जातो, पण पुढचा तास पाठ टेकून जातो. असं करायचं तर पास विरारपासूनचा काढा. वसईचाच ठेवलात आणि विरारला टीसी भेटला तर त्याला 'मी खरा वसईचाच' हे सांगून उपयोग नसतो. वसईहून सुटणाऱ्याही काही लोकल आहेत, त्यांच्या वेळा पाठ करून ठेवा. संध्याकाळी विरार फास्टमध्ये चढून बोरिवलीला उतरायचं म्हटलंत तर दारातले विरारवाले उतरू देत नाहीत, ते सगळ्या मुंबईला माहीत आहे. तुम्ही आता त्या दुसऱ्या बाजूला जाणार, अभिनंदन.

पण लोक थकतात ते गाडीने नाही. थकतात स्टेशन ते गाव या सहा-सात किलोमीटरला. शेअर रिक्षा किंवा महापालिकेची बस. अंबाडी रोड, माणिकपूर, पापडी हा रस्ता संध्याकाळी तुंबतो. सकाळी घाई असते तेव्हा चौथा प्रवासी येईपर्यंत रिक्षा हलत नाही. रात्री उशिरा उतरलात तर मीटरचं नाव काढू नका. लोक 'एक तास दहा मिनिटं' म्हणून सांगतात ते स्टेशन ते स्टेशन. दार ते दार दोन तास धरा, म्हणजे नंतर घरात भांडणं होणार नाहीत.

सातबारा

वरच्या प्रतिसादाशी सहमत. मी कागदांबद्दल लिहितो.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. 'अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी लागत नाही' हे एजंट मंडळी अजूनही ठोकून देतात. ते आपल्याकडे चालत नाही. अकरा महिन्यांचा असो की तीन वर्षांचा, नोंदणी हवीच. न नोंदवल्यास मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि मुख्य म्हणजे वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही.

खर्च लोकांना वाटतो त्यापेक्षा बराच कमी आहे. समजा भाडं १५,००० आणि परत मिळणारी अनामत ५०,०००, करार २४ महिन्यांचा. एकूण भाडं ३,६०,०००. अनामतीवर वर्षाला १० टक्के धरून दोन वर्षांचे १०,०००. बेरीज ३,७०,०००, त्यावर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे ९२५ रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. बाकी एजंट जे सांगतो ते त्याच्या स्कूटरचं पेट्रोल. नोंदणी आता घरबसल्या ऑनलाइन होते, आधार आणि अंगठा लागतो.

भाडेकरूची माहिती पोलिसांकडे द्यावी लागते. वसई २०२० पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयात आहे, तेव्हा मुंबई पोलिसांच्या साइटवर फॉर्म भरून मोकळे होऊ नका.

आता खास गावातल्या जुन्या घरांबद्दल. इथल्या बैठ्या घरांना बऱ्याचदा एक मालक नसतो. आजोबांच्या नावावरचं घर, वारस सात-आठ, दोघे बाहेरगावी, एक गल्फमध्ये, आणि तुमच्याशी बोलतो तो त्यातला एक चुलतभाऊ. भाडं त्याच्या खिशात जातं आणि सहा महिन्यांनी दुसरा भाऊ दारात उभा राहून विचारतो, तुम्ही कोण? तेव्हा घरपट्टीची पावती आणि वीजबिल कुणाच्या नावे आहे ते बघा. नाव मेलेल्या माणसाचं असेल (असतंच बहुतेकदा) तर बाकीच्या वारसांचं संमतीपत्र किंवा कुलमुखत्यारपत्र मागा. मालक नाराज झाला तर होऊ दे.

इमारतीच्या बाबतीत भोगवटा प्रमाणपत्र (राहायला परवानगी दिल्याचा महापालिकेचा दाखला, ओसी) विचारा. वसई-विरार पट्ट्यात ते न विचारता घर घेणं म्हणजे काय हे रोजच्या पेपरात येतं. इमारत तीस वर्षांवरची असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट कायद्यानेच बंधनकारक आहे, अहवाल सोसायटीच्या कपाटात असायला हवा. आणि सोसायटी ना-भोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून घेतात ते) म्हणून काही मागायला लागली तर ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही आणि ते द्यायचं मालकाने.

ओटीवरची

मी तामतलावाजवळ कौलारू घरात भाड्याने राहिले आहे. मुलगा तिथेच चालायला शिकला. घर अतिशय लाडकं होतं, पुन्हा मिळालं तर पुन्हा राहीन. म्हणून जे लिहितेय ते तक्रार म्हणून वाचू नका.

उन्हाळ्यात अशा घरासारखं सुख नाही. वर माळा असेल तर दुपारी पंखासुद्धा मंद ठेवावा लागतो. पाऊस लागला की घराचा स्वभाव बदलतो. कौलं दर वर्षी शाकारावी (काढून, नीट करून पुन्हा बसवावी) लागतात, मे महिन्यातच. मांजरं रात्री छपरावरून पळतात, एखादं कौल बोटभर सरकतं आणि ते कुठलं हे पहिला जोराचा पाऊस आल्यावरच कळतं. मग मध्यरात्री पातेली मांडायची. पाणी कौलाच्या फटीतून सरळ खाली पडत नाही बरं का. ते वाशावरून घरंगळत जातं आणि दोन हात पलीकडे टपकतं. त्यामुळे तुम्ही पातेल्याच्या बरोब्बर वरचं कौल बदलून घेता आणि गळती तशीच राहते. जाणता शाकारणीवाला आधी माळ्यावर चढून वाशावरचा ओला डाग उलट्या दिशेने वर शोधत जातो. आणि असे लोक आता कमी राहिलेत. एप्रिलमध्ये सांगून ठेवलं नाही तर जूनमध्ये फोन उचलत नाहीत.

म्हणून करारात लिहून घ्या की शाकारणी कुणी करायची, कुणाच्या खर्चाने आणि कधीपर्यंत. आमच्या मालकांनी 'बघू, होऊन जाईल' म्हटलं होतं. भला माणूस, पण मेचा जून झाला आणि शेवटी आम्ही ताडपत्री टाकली.

बाकी बुरशी. भिंती जाड, चुन्याच्या असतील तर त्या श्वास घेतात, पण कुणीतरी मधेच वरून ऑइल पेंट मारून ठेवलेला असतो, मग पापुद्रे सुटतात. कपड्यांचं कपाट भिंतीला टेकवू नका, चार बोटं पुढे ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये चामड्याची चप्पल, पट्टा, पुस्तकं सगळ्यांवर पांढरी लव येते. समुद्र जवळ असल्याने लोखंड खातं: खिडकीचे गज, गॅसची शेगडी, सायकलची चेन.

सासूबाईंसाठी एक विचारते, त्या घराचं संडास-बाथरूम आत आहे की मागच्या दारी? जुन्या घरांत नंतर बांधलेलं असतं आणि मधे दोन पायऱ्या आणि शेवाळलेली फरशी असते.

इतिहासाचा_तास

सुंदर धागा! वसईत राहायला जाताय म्हणजे भाग्य. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादुरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली, त्यानंतर दोनशे वर्षं हे त्यांचं उत्तरेतलं मुख्य ठाणं होतं. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला. इथल्या चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून नेल्या, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली मोठी घंटा त्यातलीच. आणि १८०२ च्या ३१ डिसेंबरला दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला तोही इथलाच, वसईचा तह. शिवाय शेजारचं सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक, तिथे १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी स्तूप उकरून काढला. मुलीला घेऊन दर रविवारी

उलटा_विरार

गुरुजी, त्यांना गळकं छप्पर दिसतंय, तुम्ही तह कसले दाखवताय :)

इतिहासाचा_तास

अहो पूर्ण करू द्या की. दर रविवारी किल्ल्यात जाता येईल असं म्हणत होतो.

किल्लाबंदरचा_जावई

दर रविवारी किल्ल्यात आख्खी मुंबई असते. फोटोवाले, प्री-वेडिंगवाले, बाइकवाले. पारनाक्यापासून पुढे रस्ता रविवारी संध्याकाळी जाम होतो आणि आमचा बंदराचा रस्ता किल्ल्यातूनच जातो. सुरूच्या बागेकडेही तेच. आठवडाभर शांतता, शनिवार-रविवार दुसऱ्यांची जत्रा. मी सासुरवाडीत राहतो म्हणून सांगतो: रविवारचं सामान शनिवारी सकाळी आणून ठेवायचं.

पण मूळ मुद्दा वेगळा आहे. 'किल्ल्याच्या अंगाला' घर घेताय तर हे वाचा. किल्ला केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातलं संरक्षित स्मारक आहे. २०१० मध्ये कायद्यात जी सुधारणा झाली तिच्यामुळे संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम होत नाही, आणि दुरुस्तीलाही परवानगी काढावी लागते. आता भाडेकरूला याचं काय? तर असं की मागची भिंत फुगली, संडास आत घ्यायचा आहे, पत्रा काढून स्लॅब टाकायचा आहे, की मालक म्हणतो 'परवानगी नाही हो'. खरंच नसते, किंवा खर्च टाळायला कारण बरं मिळतं. दोन्ही पाहिलंय. तेव्हा अशा भागात घर आहे त्या अवस्थेतच तुम्हाला चालणार असेल तर घ्या. 'पुढे करून देतो' यावर विसंबू नका.

आणि मासळी. मला चालते, नव्हे आवडते, पण अंधेरीहून येणाऱ्याला आधी सांगितलेलं बरं. पाऊस संपला की पाचूबंदर-किल्लाबंदरकडे वलांडीवर बोंबील वाळत पडतात, जबडे एकमेकांत अडकवून, बांबूवर रांगाच रांगा. वारा तुमच्या खिडकीकडे असेल तर कपडे वाळत घालताना जरा दिशा बघायची. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा वास नाही, ताजा मासाही नाही.

बावखलकाठ

मी इथलाच, भुईगावचा. दोन गोष्टी जरा परखड लिहितो, गैरसमज नसावा.

एक: तुम्ही सगळे घर कसं दिसतं ते विचारताय. वसईत घर बघताना पाणी विचारायचं असतं. तिन्ही पाणी. प्यायचं, वापरायचं आणि पावसाचं.

नळाला पाणी किती वाजता, किती वेळ, किती दिवसाआड येतं ते शेजारच्या बाईला विचारा, मालकाला नाही. सूर्या धरणाचं पाणी महापालिकेला येतं, पण लोकसंख्या ज्या वेगाने वाढली त्या वेगाने ते कधीच पुरलं नाही. मागे विहीर आहे म्हणालात. विहिरीचं पाणी मे महिन्यात चाखून बघा. इथे एकेकाळी विहिरींचं पाणी उपसून टँकरने बाहेर नेत होते, त्याविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले होते. फार उपसलं की समुद्राचं खारं पाणी आत सरकतं, आणि एकदा सरकलं की सहजासहजी माघारी जात नाही. मचूळ पाण्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, तिथेच काय ते कळतं.

आता पावसाचं. आमच्याकडे बावखलं आहेत. वाड्यांमध्ये खणलेली गोड्या पाण्याची तळी, पूर्वजांनी बागायतीसाठी केलेली. पावसाळ्यात आजूबाजूचं पाणी त्यात उतरायचं, पुढे उन्हाळ्यापर्यंत केळी, पानवेल, फुलांची शेती त्याच्यावर चालायची. वसईची सुकेळी लोक कौतुकाने खातात, त्याच्यामागे हे पाणी आहे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत किती बावखलं भरणी टाकून बुजवली ते मोजायला नको, पण जिथे बावखल बुजवून इमारत उभी आहे तिथे पाणी तळमजल्यावर येणार. त्याला दुसरीकडे जायला जागा ठेवलेलीच नाही. जुलै २०१८ मध्ये वसई-नालासोपारा पट्टा बुडाला, गाड्या बंद, वीज गेली ती किती तरी वेळ आली नाही. तेव्हा नव्या इमारतींच्या तळमजल्यांवर गुडघाभर पाणी आणि जुन्या गावठाणातल्या कित्येक घरांच्या ओट्या कोरड्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. जुन्या लोकांनी जोतं (घराखालचा चौथरा) उगाच उंच घेतलं नव्हतं.

म्हणजे सरसकट जुनं चांगलं असं मी म्हणत नाही. जुन्या घराभोवती नंतर रस्ता दोन-तीनदा डांबर टाकून उंच केला असेल तर तेच जोतं आता खड्ड्यात असतं. घरासमोर उभं राहून बघा, रस्ता वर आहे की ओटी. सगळ्यात सोपं म्हणजे भिंतीवरचा जुना पाण्याचा पट्टा बघायचा. नवा रंग फक्त कमरेपर्यंत दिला असेल तर समजून जा.

दुसरी गोष्ट. हा हिरवा पट्टा तुम्हाला आवडतो, आम्हालाही आवडतो. महापालिका झाली २००९ ला, तेव्हा आमची गावं वगळा म्हणून मोठं आंदोलन झालं. ते विसरून 'गाव कसं टुमदार आहे' एवढंच लिहिलं की वाईट वाटतं. टुमदार आपोआप राहिलेलं नाही.

खाडीपल्याड

सगळ्यांचे मनापासून आभार. बावखलकाठ, तुमचा राग समजू शकते. टुमदार म्हणायचं टाळेन.

संडास-बाथरूम मागच्या दारीच आहे, पडवीतून दोन पायऱ्या उतरून. एजंट म्हणाला 'आतच आहे', कारण त्याच्या मते कंपाउंडच्या आत म्हणजे आतच.

बावखलकाठ

राग नाही हो ताई. तुम्ही निदान विचारताय तरी. बाकीचे सरळ येतात आणि अंगणात फरशी घालून टाकतात.

एकटी_दुकटी

थोडं वेगळं. मी एकटी राहते, पापडीला. इमारतींतल्या दोन-तीन ठिकाणी 'फॅमिलीलाच देतो' ऐकलं, एका सोसायटीने तर येणाऱ्या-जाणाऱ्यांची वही ठेवीन म्हटलं. शेवटी ज्या घरात मिळालं त्या ख्रिस्ती काकू खालीच राहतात, वरच्या दोन खोल्या मला दिल्या. काय खातेस, कोण येतं, काही विचारलं नाही. फक्त रात्री दिवा कधी बंद होतो ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असतं. नाताळात ताटभर फराळ वर येतो, लग्नसराईत बँड पहाटेपर्यंत ऐकू येतो, दोन्ही स्वीकारायचं.

मालक त्याच घरात राहत असेल तर विजेचा मीटर वेगळा आहे का, हे आधी विचारा. माझ्या आधीच्या ठिकाणी सबमीटर होता आणि मालक युनिटमागे मनाला येईल तो दर लावायचे. महावितरणचं मूळ बिल दाखवा म्हटलं की चेहरे बदलायचे. तुम्ही घरून काम करताय म्हणून आणखी एक: पावसाळ्यात झाडाची फांदी तारेवर पडली की वीज जाते, आणि झाडं इथे पुष्कळ आहेत. इन्व्हर्टर धरूनच खर्च काढा. इंटरनेट त्या गल्लीत कुणाचं आहे ते शेजाऱ्यांना विचारा.

सातबारा

इन्व्हर्टर, पाण्याची टाकी, जाळीचे दरवाजे असं काही स्वतः बसवणार असाल तर ते जाताना काढून न्यायचा हक्क करारात लिहून ठेवा. आणि अनामतीतून रंगाचे पैसे कापण्याची पद्धत आहे, ते किती किंवा मुळीच नाही हेही आधीच. घर ताब्यात घेताना मोबाइलवर व्हिडिओ काढून मालकालाच पाठवायचा, म्हणजे तारीखही राहते.

आणखी एक. मुदत संपल्यावर 'बघू, चालू राहू दे' म्हणून तसंच राहू नका. करार संपल्यानंतर घर सोडलं नाही तर कलम २४ खाली मालक दुप्पट दराने रक्कम मागू शकतो. चांगुलपणाच्या जोरावर राहणारे लोक यात अडकतात. नवा करार मुदत संपायच्या आधी.

किल्लाबंदरचा_जावई

आणि बाजारपेठेत कुणी पागडीची खोली 'परस्पर' द्यायला तयार असेल तर लांब राहा. मूळ मालकाच्या संमतीशिवाय पोटभाडेकरू ठेवता येत नाही, ठेवला तर आधी सामान तुमचंच बाहेर येतं.

खाडीपल्याड

काल मुद्दाम पाऊस चालू असताना दोन्ही घरं बघून आलो (हा सल्ला मला व्यनित, म्हणजे व्यक्तिगत निरोपात, मिळाला होता, ज्यांनी दिला त्यांचे विशेष आभार).

कौलारू घर: जोतं उंच आहे, समोरचा रस्ता खाली आहे, भिंतीवर पट्टा नाही. शेजारच्या आजी म्हणाल्या दोन हजार अठरालाही ओटीवर पाणी चढलं नव्हतं. विहिरीचं पाणी गोड लागलं, पण आत्ता पावसात लागणारच. माजघरात एका जागी टपकत होतं, खाली बादली होतीच, म्हणजे घराला ठाऊक आहे. वीजबिल मालकांच्या वडिलांच्या नावे, ते वारलेत. मालक तीन भावंडं, तिघंही वसईतच, संमतीपत्र द्यायला तयार. किल्ल्यापासून बरंच अलीकडे आहे, त्यामुळे ते शंभर मीटरच्या बंदीचं प्रकरण नाही. पण संडास मागे आणि फरशी इतकी शेवाळलेली की मीच घसरता घसरता वाचले.

इमारत: भोगवटा प्रमाणपत्र विचारल्यावर मालक म्हणाले 'सोसायटीत बघावं लागेल'. सचिव म्हणाले 'मालकाकडे असेल'. तळमजल्याच्या दुकानांना नवा रंग आहे. कमरेपर्यंत.

उलटा_विरार

हाहा. कमरेपर्यंत!

ओटीवरची

मग प्रश्न फक्त पडवीचा राहिला ना? पडवी ते संडास वरून पत्रा, खाली खरबरीत लादी आणि भिंतीला पकडायला पाइप एवढं मालकाकडून ताबा घेण्याआधी करून घ्या. घेतल्यानंतर नाही. सासूबाईंसाठी रात्री खोलीतच कमोडची खुर्ची ठेवा, वैद्यकीय सामानाच्या दुकानात मिळते, भाड्यानेही मिळते. आमच्या आजेसासूबाई तशाच राहिल्या, तक्रार फक्त डासांची होती.

साप विचारला नाहीत म्हणून सांगते. विहीर आणि बाग आहे तिथे धामण, नानेटी दिसणार. ते बिनविषारी, घाबरू नका, पण विषारी घोणसही असते, त्यामुळे रात्री मागच्या दारी जाताना बॅटरी आणि पायात चप्पल. मुलीला सवय लावा.

इतिहासाचा_तास

शाळेचं बघितलंत का? वर्षाच्या मधे प्रवेश मिळणं अवघड जातं. मराठी, इंग्रजी दोन्ही माध्यमांच्या जुन्या शाळा गावात आहेत, चालत जाण्याच्या अंतरावर. दिवाळीनंतर जागा आहे का ते आत्ताच विचारून ठेवा. (बघा, तह मधे आणला नाही.)

खाडीपल्याड

एका शाळेत 'अर्ज देऊन ठेवा' म्हणालेत. जास्त काळजी नवऱ्याच्या प्रवासाची आहे. भाईंदरला जाणारी रो-रो बोट सुरू झाली आहे असं ऐकलं. स्कूटर घेऊन बोटीने भाईंदर आणि तिथून लोकल, हे रोज जमण्यासारखं आहे का?

किल्लाबंदरचा_जावई

फेब्रुवारी २०२४ पासून सुरू आहे. खाडी ओलांडायला पंधरा-वीस मिनिटं, रस्त्याने वळसा घालून जायचं तर हायवेच्या पुलावरून कितीतरी लांब पडतं. रविवारी मीरा रोडला भावाकडे जायला झकास. पण रोजच्या नोकरीला बोटीच्या वेळा बांधून घेतात, आणि पावसाळ्यात, भरती-ओहोटीला फेऱ्यांवर परिणाम होतो. शिवाय भाईंदरलाही विरारची गाडी भरूनच येते. फक्त भाईंदरहून सुटणाऱ्या लोकल आहेत, त्यांच्या वेळेशी बोट जुळली तर बसून जातील. महिनाभर करून बघा, रेल्वेचा पास मात्र सोडू नका.

उलटा_विरार

+१. आणि ठाणे-कल्याणकडे कधी काम असेल तर वसई-दिवा गाडी आहे, फेऱ्या मोजक्या पण दादरचा वळसा वाचतो.

खाडीपल्याड

ठीक. कौलारू घराचं मालकांशी बोलणं झालं. पडवीचं काम ते ताबा देण्याआधी करून देणार, तिघा भावंडांच्या सह्या मिळणार, करार २४ महिन्यांचा आणि नोंदणीकृत. शाकारणीचं कलम कसं लिहावं? सातबारा, काही मसुदा आहे का?

सातबारा

साधं लिहा: 'दरवर्षी ३१ मे पूर्वी छपराची शाकारणी मालक स्वखर्चाने करून देतील. न केल्यास भाडेकरूने सात दिवसांची लेखी सूचना देऊन ती करून घ्यावी व झालेला खर्च पावतीसह पुढील भाड्यातून वळता करावा.' व्हॉट्सॲपवरील निरोप लेखी सूचना समजावा, हेही जोडा, नाहीतर पोस्टाच्या पावत्या सांभाळत बसाल. विहिरीच्या पंपाची दुरुस्ती कुणाकडे, तेही त्याच कलमाखाली. दोन साक्षीदार लागतील, दोघांची आधार कार्डं तयार ठेवा.

खाडीपल्याड

उत्तम, तसंच घालते. ओटीवरची, तुमच्या त्या वाशावरचा डाग शोधणाऱ्या शाकारणीवाल्याचा नंबर मिळेल का? ते टपकणं दिवाळीआधीच बघून घ्यावं म्हणते.

ओटीवरची

धाग्यावर नको, सगळे त्यालाच फोन करतील. व्यनि केला आहे.